मेमरी की आवाज

१४ ऑक्टोबर १९९७, संध्याकाळ

नात सुमीला खेळायला कॉम्प्युटर हवा, म्हणून आज तिला घेऊन सांगलीला गेलो. दुकानदार म्हणाला, "आवं आजोबा, एवढ्या पैशात मेमरी वाढवा, न्हाईतर साउंड कार्ड बसवा. दोन्ही जमायचं न्हाई. मेमरी कमी पडली तर गाड्यांचा खेळ लय अडखळंल."

मी चटकन साउंड कार्ड म्हणालो. सुमी "चालेल" म्हणाली. तिचं ते "चालेल"... मग शिराळ्यापर्यंत एसटीच्या धुळकट काचेवर ती बोटानं गाड्या काढत बसली.

आवाज हवा होता कुणाला? ही देवाघरी गेल्यापासून स्वयंपाकघरातून शाळेतल्या कविता ऐकू येत नाहीत, घर मुकं झालंय. पण त्यासाठी पोरीचा खेळ अडखळावा?

उद्या दुकानात फोन करून मेमरीच बसवायला सांगायचं. कविता काय, मी एकटाच मोठ्यानं म्हणेन.