एका गळासाठी

प्रिय दादा,

परवा तुझं वर्षश्राद्ध झालं. आलेला प्रत्येक जण तुझ्याबद्दल चांगलंच बोलला. किती मनमिळाऊ, किती हौशी, कुणाच्या अडीअडचणीला कसा धावायचा! मी पंगतीत वाढत होते, तोंड मिटून. मला चांगलं बोलायचं नव्हतं. मला भांडायचं होतं. आणि ज्याच्याशी भांडायचं, तो फोटोत हार घालून हसत होता. किती सोयीचं आहे रे तुझं!

काल मी धक्क्यावर गेले होते. हो, त्याच धक्क्यावर. घरी आल्यावर दोनदा साबण लावून हात धुतले, तरी बोटांना कोळंबीचा वास आहेच. त्याच हातानं लिहितेय. आज लिहिलं नाही तर हा राग आतल्या आत आंबून जाईल.

एका गळासाठी, दादा? माणूस एका गळासाठी मरतो?

आठवतं तुला, आपल्याकडे खरोखरच एक गळ होता तेव्हा? तू आणि तुझे दोस्त मधूदादा नि सिद्धू, तिघांत मिळून एक. लालबागहून चालत कॉटन ग्रीनला जायचं, गोदामांच्या मागून त्या जुन्या दगडी धक्क्यावर. रविवारी सकाळी. मला न्यायची तुमची इच्छा नसायची, पण आई म्हणायची, "तिका घेऊन जा, नायतर तू पण जाव नको." मग मी तुमच्या मागे, पांढरे मोजे आणि काळे बूट घालून. आठवडाभर सिस्टर्सच्या शाळेत 'येस सिस्टर, नो सिस्टर' करणारी मी, रविवारी मात्र चिखलातली गांडुळं डब्यात भरायची.

"ए कॉन्व्हेंट, गांडुळाला गुड मॉर्निंग म्हटलंस का?" सिद्धू विचारायचा. तेव्हापासून तुमच्या टोळीत माझं नाव कॉन्व्हेंट. शैला म्हणून मला तिथे कुणी ओळखतच नव्हतं.

आणि तो नियम. तुमचा तो मूर्ख, हट्टी, लाडका नियम! ओहोटीला दोरी खालच्या दगडांत गेली आणि गळ अडकला, तर ज्याच्या हातात दोरी त्यानं खाली उतरायचं आणि गळ सोडवून आणायचा. दोरी कापायची नाही. कापली तर बाकीचे दोघे त्याच्या मागे चाळीपर्यंत ओरडत यायचे, "कापली रे कापली!" चाळीतली पोरं गॅलरीत यायची बघायला, कुणाची कापली.

तेव्हा तो नियम बरोबर होता. गळ गेला तर पुढचे कितीतरी रविवार नुसतं पाण्याकडे बघत बसायला लागलं असतं. मला ते तेव्हाही कळायचं. पण नंतर? तू बँकेतून निवृत्त झालास दादा. तुझ्याकडे गळांनी भरलेला डबा होता. वेगवेगळ्या मापांचे, चकचकीत, कागदात गुंडाळलेले. सिद्धूचा मुलगा परदेशातून आणायचा. इतके गळ, की उरलेल्या प्रत्येक रविवारी तुम्हा तिघांचा एकेक अडकून तुटला असता तरी संपले नसते. गरिबी गेली आणि गरिबीचा नियम तेवढा तुम्ही जपून ठेवलात. वडिलांच्या घड्याळासारखा!

मी सांगितलं नव्हतं असं म्हणू नकोस. शेवाळावर उतरताना तुझा पाय थरथरतो, हे मला सिद्धूनंच हसत हसत सांगितलं होतं. त्याच आठवड्यात मी माझी छोटी कात्री तुझ्या पिशवीत टाकली. सिस्टरनी शिवणाच्या तासाला दिलेली, टोकाला किंचित वाकलेली ती. आयुष्यभर कुणाला हात लावू दिला नव्हता मी तिला. आणि तू काय केलंस? दर रविवारी निघताना ती पिशवीतून काढायचास आणि दाराजवळच्या खिळ्याला अडकवायचास.

"शैले, धक्क्यावर कात्री नेली तर मासे पण हसतील."

"हसू देत. मासे कुठे चाळीत राहायला येणारेत?"

मग मी पुन्हा टाकायची, तू पुन्हा काढायचास. आपला खेळच झाला होता तो. आपली दारं समोरासमोर, मला सगळं दिसायचं.

त्या रविवारी वहिनीला धरून हॉस्पिटलात जायला निघाले तेव्हा पहिल्यांदा काय दिसलं असेल, सांग? खिळ्यावर कात्री. वाऱ्यानं हलत होती. दादा, मला तुझ्या मरणाचा जेवढा राग आहे ना, तेवढाच त्या खिळ्याचा आहे.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मधू रडत सांगत होता, कुणी न विचारता. "शैला, तो थांबला होता गं. दोरीकडे बघत होता. मीच म्हटलं, काय रे, म्हातारा झालास काय, कापतोस? आणि तो उतरला." शेवाळावरून तुझा पाय सुटला, डोकं दगडावर आपटलं. पाण्यात नाही पडलास तू. पाणी तर मागे गेलं होतं. उघड्या दगडांवर पडलास, मित्रांच्या डोळ्यांदेखत.

मी त्याला म्हटलं, पुन्हा माझ्यासमोर येऊ नकोस. आणि तो आला नाही. त्या दिवसापासून त्याच्या नावातला 'दादा' मी काढून टाकला. वर्षभर भाजी आणायला जाताना त्याच्या जिन्यावरून जायचं टाळलं. तू असतास तर मध्ये पडला असतास. पण तू नव्हतास, तेच तर भांडण होतं!

परवा पंगत उठल्यावर दोघे दारात उभे. मधूच्या हातात नारळ होता, आत यायचं धाडस नव्हतं. सिद्धूच बोलला.

"कॉन्व्हेंट, उद्या भरती सकाळची आहे. एकदा चल. त्याची दोरी तुझ्या हातानं टाक. मग आम्ही पण बंद करतो जाणं."

"वर्षभर जात होतात?" मी विचारलं.

"जात होतो. टाकत नव्हतो. बसून यायचो."

मी नाही म्हणणार होते. तेवढ्यात वहिनी आतून तुझी दोरी घेऊन आली, प्लॅस्टिकच्या बाटलीला गुंडाळलेली, टोकाला तू बांधलेला गळ तसाच. त्या दिवशी तिथे दोन दोऱ्या होत्या तुझ्या, एक दगडांतच राहिली. ही दुसरी, पिशवीतच राहिलेली. "ने बाय," वहिनी म्हणाली. "माका ती घरात बघवना नाय."

मी गेले ते दुःख करायला नव्हे. त्या दोघांना त्याच दगडांसमोर उभं करून मनातलं सगळं ऐकवायला गेले. खरं सांगते. रात्री मनात वाक्यंसुद्धा जुळवली होती, चांगली धारदार. आणि निघताना खिळ्यावरची कात्री काढून पर्समध्ये टाकली. का, ते मलाही सांगता आलं नसतं.

पण धक्क्यावर गेल्यावर बोलता कुठे येतं? पाणी चढत होतं. पलीकडे मालाची जहाजं उभी. सिद्धूनं वर्तमानपत्र पसरून दिलं बसायला, त्यावर थर्मास ठेवला. मधू लांब, कडेला. दोघंही किती म्हातारे झालेत रे! मधूला बसताना आधी एक गुडघा धरावा लागतो, मग दुसरा.

"कोळंबी लावशील की गुड मॉर्निंग म्हणू तिला?" सिद्धू म्हणाला. मी हसले नाही. पण लावली. टोक आत लपेल अशी, तू शिकवली होतीस तशी. हात विसरले नव्हते.

भरतीत दोन मासे मिळाले, लहानसे शिंगाळे. एक बोय मिळाला. मधूनं तो माझ्या पिशवीत टाकला. मी तो परत केला नाही. चहा प्यायलो. उन्हं वर आली, पाणी मागे फिरलं, काळे दगड एकेक करून डोकी वर काढू लागले. आता गुंडाळायचं, असं सिद्धू म्हणतोय तोच माझ्या हातात दोरी ताठ झाली. ओढली, सैल सोडली, डावीकडून ओढली, उजवीकडून ओढली. अडकला होता.



आणि मधूनं चपला काढल्या.

"काय करतोस?"

"सोडवतो. दोन मिनिटं."

"मधू, बस खाली."

"त्याची गाठ आहे गं ती," तो म्हणाला. "त्याच्या हातची. दुसरी नाहीये कुठे. त्याच्या डब्यातले सगळे गळ सुटेच असायचे, मी बघितलेत. एवढी एकच बांधलेली राहिलीय." आणि तो उतरायला वळलाही. एक हात धक्क्याच्या कडेवर, एक पाय हिरव्या दगडावर. पाय थरथरत होता, दादा. मी बघितला. तुझाही असाच थरथरला असेल.

त्यानं सांगितलं ते खरं होतं. खाली पाण्यात तुझ्या बोटांनी घातलेली शेवटची गाठ होती. तू ती ओली करून दातांनी आवळायचास. मला हवी होती ती. त्याच्यापेक्षा जास्त मला हवी होती.

"मधूदादा, मागे हो!" मी इतक्या जोरात ओरडले की गोदामावरची कबुतरं उडाली. पर्समधून कात्री काढली आणि कापली.

एवढंच झालं. ताठ दोरी सैल झाली, टोक पाण्यावर एकदा वळलं आणि गेलं. जग काही बुडालं नाही, काहीच वाहून गेलं नाही. इतकं सोपं होतं, दादा! इतकंच करायचं होतं तुला!

सिद्धूच्या तोंडून सवयीनं आलंच, "कापली रे..." आणि त्यानं तोंडावर हात ठेवला. डोळे भरून आले त्याचे.

"ओरड," मी म्हटलं. "पुरतं ओरड. हो, कापली! मी कापली!"

कुणी ओरडलं नाही. मधूदादा एक पाय खाली, एक पाय वर असा तिथेच बसला आणि रडायला लागला. मी त्याला दंड धरून वर ओढलं.  पाठ केलेलं एक वाक्यही मी बोलले नाही. चपला घालतानाही तो माझा हात सोडत नव्हता, तेव्हा तेवढं म्हटलं, "सावकाश."

बोय वहिनीला दिला. तिनं तळला आणि एक तुकडा तुझ्या फोटोपुढे ठेवायला गेली. मी म्हटलं, त्याला नको, राहू दे त्याला आज उपाशी. वहिनी वर्षात पहिल्यांदा हसली.

सिद्धू आणि मधूदादा धक्क्यावर जाणं बंद करणार नाहीत. मीच सांगितलं, करू नका. पण आता दर रविवारी मी मध्ये बसणार. दोघांच्या मध्ये, पांढरे मोजे नाहीत एवढंच. कात्री तुझ्या खिळ्यावर नाही, माझ्या गळ्यात असेल, दोऱ्यात ओवलेली. ज्याचा गळ अडकेल त्याची दोरी मी कापीन. चाळीपर्यंत ओरडायचं तर खुशाल ओरडा. तुझ्या दोन्ही मित्रांना मी धक्क्यावरून घरी चालत आणीन, दर वेळी, दोघांनाही. हा शब्द देते तुला.

तुला मात्र माफ केलेलं नाही. ते मी तिकडे आले की समोरासमोर बघू.

तुझी,
कॉन्व्हेंट