करार बेटाचा झाला, तुझं काय?

अधारताल, जबलपूर

प्रिय गौरांग,

फोनवर तू दोन मिनिटांत विषय बदलतोस, म्हणून लिहायला बसले. शेवटपर्यंत वाच.

तुझं बेट एकदाचं त्या व्यापार करारात शिरलं. अभिनंदन. मला हे तुझ्याकडून नाही, बाबांकडून कळलं. चहा गार करून त्यांनी मोबाईलवरची बातमी मोठ्यानं वाचली. मग मेन रोडवरच्या किराणावाल्याला गाठून समजावलं, की आता तिथलं खोबरेल शेजारच्या देशांत बिनजकात जाणार, पण तिथल्या कोंबडीवाल्यांना दहा वर्षं धक्का लागणार नाही, आणि ते कलम आमच्या गौरांगनं लिहिलंय. तो बिचारा ‘अच्छा, अंकलजी’ म्हणत साखर तोलत राहिला. इथल्याच नेपियर टाउनमधली गल्ली चुकणाऱ्या आपल्या बाबांना त्या बेटावरची बंदरं तोंडपाठ आहेत!

पण माझा वैताग बाबांवर नाही, तुझ्यावर आहे. चार वर्षांपूर्वी तिथल्या सरकारला करारासाठी सल्ला द्यायला म्हणून सहा महिन्यांसाठी गेलास. मग तिथलं सरकार पडलं, मग मासेमारीवरून बोलणी अडली, मग जकातीची यादी नव्यानं करायची निघाली. दर वेळी तुझं एकच, करार झाला की येतो दीदी, तोवर बाबांकडे बघ. बघितलं. नागपूरची बढती दोनदा नाकारली. बँकेत साहेबांनी कारण विचारलं. काय सांगणार होते? एका बेटाचं जकातीवर एकमत होत नाही म्हणून?

बुधवारी तुझ्या सल्लागार कंपनीचं पाकीट घरच्या पत्त्यावर आलं. विम्याचे कागद असतील म्हणून फोडलं. ‘आपल्या विनंतीनुसार आपली बेटावरील नेमणूक कायम करण्यात येत आहे.’ विनंतीची तारीख फेब्रुवारीची. म्हणजे आठ महिने तू मला येतो-येतो म्हणत होतास आणि येणार नव्हतास.

दोन दिवस ते बाबांपासून लपवलं. मग राहवेना, सांगून टाकलं. त्यांनी कागद हातातही घेतला नाही. म्हणाले, “माहीत आहे मला. तिकडचं बोलताना त्याचा आवाज खुलतो, इकडचं विचारलं का घसा खाकरतो. पण पोरी, तू काहून थांबून राहिली?” मी उलट चिडून विचारलं, मग रोज त्या बेटाच्या बातम्या कशाला वाचता? तर म्हणाले, “पोरगा राहतो ते गाव माहीत नको?”

नागपूरची जागा परत निघालीय, सोमवारी मी होकार कळवतेय. बाबा माझ्यासोबत येतायत. जाण्याआधी एकदा नर्मदेवर भेडाघाटला न्यायचं, एवढीच त्यांची अट. तेव्हा हे पत्र तुला बोलवायला लिहिलेलं नाही. तिथंच राहा, मनापासून म्हणते. पण एवढ्याशा देशानं काय देणार आणि काय नाही, ते चारचौघांत सही करून सांगितलं. तुला घरच्या माणसाला एक वाक्य सांगता येत नाही? फोन मला करू नकोस. बाबांना कर, आणि त्यांनी ‘कधी येतोस’ विचारायच्या आत सांग.

रागावलेली, तरी तुझीच,
मेघनादीदी