यादीत एकदा तरी नाव

३ डिसेंबर

आठव्यांदा तोंडघशी पडलो. धूमकेतू म्हणून कळवलेला ठिपका निघाला बुध ग्रह! तो तिथंच असणार हे बघायचं सुचलंच नाही. बायको — ब्लांच — विणता विणता म्हणाली, "बुध सापडला म्हणे तुला? हरवला होता का?" चेहरा अगदी गंभीर.

५ डिसेंबर

सूर्यावर पाळत ठेवणारं ते यान रोज फोटो पाठवतं, आणि आमच्यासारखे रिकामटेकडे जगभर त्यात ठिपके शोधत बसतात. सूर्याला अगदी खेटून जाणारे धूमकेतू. बहुतेक तिथंच विरून जातात. धूमकेतूला नाव यानाचंच देतात, पण यादीत शोधणाऱ्याचं नाव येतं — जो सगळ्यांत आधी बरोबर कळवेल त्याचं. पस्तीस वर्षं धान्याच्या कोठारावर लोकांचा मका तोलला, माझं नाव कुठं लागलं नाही. इथं एकदा तरी लागावं. बस्स.

९ डिसेंबर

सापडला! सकाळी सातला. चार फोटोंत तोच ठिपका, खालून सूर्याकडे सरकतोय. बुध नाही, दोनदा पाहिलं. ठिपक्याच्या जागेचे आकडे कागदावर मांडले आणि लगेच पाठवून दिले. मग तो कागद टेबलावर तसाच टाकून चर्चमध्ये कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, भाजायला पळालो. खसखशीच्या जागी जर्दाळू भरला म्हणून सगळ्या बायका माझ्यावर तुटून पडल्या. मला कसली पर्वा!

दुपारी घरी आलो तर यादीवाल्यांचं उत्तर आलेलं — "या जागी काहीही नाही." जेवण गेलंच नाही.

ब्लांच म्हणाली, "मायलो, ठिपका सूर्याच्या खाली, आणि तुझे आकडे वरचे. फोटोतल्या ठिपक्यांच्या रांगा वरून मोजल्यास ना?"

मोजल्या होत्या. नियम खालून मोजायचा! विणकामाच्या तक्त्यातही खालूनच मोजतात म्हणे.

"आता दुसऱ्या कुणीतरी कळवलं असणार," मी म्हणालो.

"मी पाठवलं सकाळीच, नीट मोजून. तुझा कागद बघितला तेव्हाच. आता सूप पी."

मिठीच मारली तिला. सुया टोचल्या.

१० डिसेंबर

ठिपका सूर्यामागे गेला, बाहेर आलाच नाही. आम्ही दोघं फोटो बघत बसलो होतो. ब्लांच हळूच म्हणाली, "गेला बिचारा." तिचं विणकाम दिवसभर तसंच पडून.

१३ डिसेंबर

यादी लागली. शोधणारी: ब्लांच कुबिचेक. तिनं स्वतःच्या मेलवरून पाठवलं होतं! रागवायचं ठरवलं, पण हसूच आवरेना. सकाळी सहापासून कॉम्प्युटरसमोर बसली आहे, मला खुर्ची देत नाही. कॉफी मीच केली.