दूधवाल्यांच्या घरी नारळाचं दूध

४ एप्रिल

चि. सौ. सूनबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, आम्ही दोघं खुशाल आहोत. फोनवर तू बोलतेस त्यातलं अर्धं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं तुझे सासरे मध्ये बोलून खाऊन टाकतात, म्हणून लिहायला बसले.

विषय एकच. आपल्या मुंगीची शाळा महिनाअखेर सुटेल. मागच्या सुट्टीत जे झालं त्यानंतर ती माझ्याकडे एकटी राहिलेली नाही. तू येतेस, तिचा डबा बरोबर आणतेस, त्यातलं तिला भरवतेस आणि संध्याकाळी घेऊन जातेस. मी आपली पाहुण्यासारखी समोर बसते. तुझं चुकतं असं नाही. थोड्याने काय होतंय म्हणून तिच्या भातात चमचाभर दूध मीच कालवलं होतं. पोरीचे ओठ सुजले, श्वास घेता येईना, तेव्हा तिला उचलून दवाखान्यात तू धावलीस. पण या सुट्टीत आठवडाभर तिला माझ्याकडे ठेवशील का?

ह्यांना अजून नवल वाटतं की जन्मभर डेअरी चालवणाऱ्याच्या नातीला दूध चालू नये. आपण दुधात कधी पाणी घातलं नाही, त्याचीच ही शिक्षा, असं गिऱ्हाइकांना सांगायचे. आता दुकान नाही, तर शेजाऱ्यांना सांगतात.

मागे आलात तेव्हा आइस्क्रीमच्या दुकानावरून जाताना मुंगीने आपणहून मान दुसरीकडे फिरवली. सहा वर्षांची पोर आणि मोठ्या बाईसारखा समजूतदारपणा. मला ते बघवलं नाही. तू तिच्यासाठी नारळाच्या दुधाचं काहीतरी गार करतेस ना, वाटीत थरथरतं ते? त्याची कृती पाठव. आधी मी करून बघेन, तुला सगळं कळवेन, मग तू काय ते ठरव.

तुमची वाट बघणारी,
आई

९ एप्रिल

ती. सौ. आईंस,
सा. न. वि. वि.

पत्र दुकानात नेलं होतं. लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासता तपासता मधल्या वेळेत वाचलं आणि माझ्याच डोळ्यांना पुढचं दिसेना. तुम्ही पाहुण्यासारख्या बसता हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, पण भीती मोठी होती. अजून आहे. म्हणून आज हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. तुमचे चिरंजीव म्हणतात की आईला एकदा संधी दे. ते तसं म्हणणारच, त्या दिवशी ते गावाला गेले होते.

कृती सोपी आहे. चायना ग्रास, म्हणजे जेली घट्ट करणारे ते पांढरे तार, थंड पाण्यात भिजवायचं, मग त्याच पाण्यात मंद आचेवर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं. एक तारही शिल्लक राहता कामा नये. त्यात साखर, आणि नारळाचं दूध कोमट करून शेवटी. ते एकत्र झाल्यावर उकळू द्यायचं नाही, फुटतं. गाळून वाट्यांत ओतायचं, निवलं की फ्रिजमध्ये. वर आंब्याच्या फोडी. त्या घालेपर्यंत तुमच्या चिरंजीवांना स्वयंपाकघरात येऊ देऊ नये, फोडी उरत नाहीत.

एक सांभाळा. नारळाच्या दुधाची पावडर आणू नका. काही पाकिटांत दुधाचाही अंश असतो आणि तो बारीक अक्षरांत लिहिलेला असतो. नारळ चालतो, डॉक्टरांना मी पुन्हा विचारून घेतलं आहे.

बाबांना नमस्कार. माया आहे ती कमी होऊ देऊ नये.

आपली,
सूनबाई

१७ एप्रिल

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पहिल्या खेपेला चायना ग्रास मी सढळ हाताने घातलं. आपल्याकडे कशातच हात आखडता नाही. वाटी उपडी केली तर ते टणकन ताटात पडलं आणि तसंच उभं राहिलं. ह्यांनी बोटाने टिचकी मारून पाहिली आणि म्हणाले की चपलेला तळ लावायला बरं आहे. दुसऱ्या खेपेला मी चिडून कमी घातलं, तर ते प्यावं लागलं. मग ह्यांचं दुकानातलं ज्ञान जागं झालं, गार करायचं ते मला विचारा म्हणाले, आणि वाट्या नेऊन बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. सकाळी नुसते खडे. आता त्यांना फ्रिजच्या दाराला हात लावायची बंदी आहे.

पण काल जमलं! वाटी हलवली की कडेपासून मधोमध थरथरत जातं, चमचा घातला की अलगद तुटतं, आणि जिभेवर गार गार विरतं. ह्यांनी दोन वाट्या खाल्ल्या आणि तिसरीकडे बघत बसले.

तू पावडर नको म्हणालीस म्हणून मी डबाबंद दूधही आणलं नाही. उगाच कुणाच्या बारीक अक्षरांवर भरवसा कशाला? चांगले जड नारळ पारखून घेतले, घरी खवले, वाटले आणि स्वतः पिळले. त्यासाठी आपलं दही टांगायचं मलमलीचं फडकं काढलं. तसं घट्ट विणीचं कापड आता मिळत नाही. आणि काळजी करू नकोस, फडकं आणि पातेलं दोन्ही सोडा घालून खळखळून उकळली. डेअरीत आपले कॅन असेच उकळायचो, कधी कुणाचं दूध नासलं नाही. उकळत्या पाण्याने जात नाही असं जगात काही नाही.

तर सांग, मुंगी कधी येते?

उत्तराकडे डोळे लावून,
आई

२१ एप्रिल

ती. सौ. आईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचताना चपलेच्या तळापर्यंत मी इतकी हसले की गिऱ्हाईक चष्मा काढून माझ्याकडे बघायला लागलं. मग फडक्याशी आले आणि हसू थांबलं.

आई, कसं लिहू कळत नाही. उकळल्याने जंतू मरतात. दूध नासू नये म्हणून ते बरोबरच होतं. पण मुंगीला जंतूंनी त्रास होत नाही, दुधानेच होतो, आणि दूध उकळून मरत नाही. ज्या फडक्यात वर्षानुवर्षं दही टांगलं त्याच्या विणीत ते मुरलेलं असतं, आणि ते नारळाच्या दुधात उतरलं तर दिसणार नाही. तिला त्रास व्हायला दिसण्याइतकं लागतही नाही. मध्यंतरी एकदा दुधाच्या, नुसत्या पुसलेल्या चमच्याने तिच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, आमच्याच घरी, माझ्याच हातून.

तुम्ही पावडर टाळलीत, डबा टाळलात, माझ्याहून जास्त काळजी घेतलीत. आणि तरीही ती वाटी मुंगीने खाल्ली असती तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. म्हणून या सुट्टीत तिला एकटी पाठवत नाही. आम्ही दोघी भेटायला येऊ. डबा आणेन.

रागावलात तरी चालेल, पण अबोला धरू नका.

आपली,
सूनबाई

२७ एप्रिल

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र तुझ्या सासूच्या नकळत लिहितो आहे. म्हणजे ती समोरच बसली आहे, पण मी विजेच्या बिलाची तक्रार लिहितोय असं तिला वाटतंय.

तुझं पत्र आलं त्या दिवशी तिने ते नुसतं घडी करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी खूप बोलली. आपल्या दुकानाचं भांडं कधी कुणी परत पाठवलं नव्हतं, ते घरच्या सुनेने पाठवलं, हा मुद्दा होता. खरं सांगू? मलाही लागलं. आम्ही दोघांनी पहाटे उठून ते कॅन घासले आहेत. बोटांची कातडी सोलून निघायची. स्वच्छतेबद्दल आम्हाला कुणी सांगावं हे पचायला जड जातं.

पण काल तिने एक केलं. ते पातेलं पुन्हा सोड्याने घासलं, उकळलं, उन्हात कोरडं खडखडीत वाळवलं. मग रिकामंच गॅसवर ठेवून चांगलं तापवलं आणि त्यात तोंड घालून वास घेतला. तुला माहीत आहे, दूध कधीचं आहे ते ती झाकण उघडताच सांगायची. तिच्या नाकावर आमचा धंदा चालला. वास घेऊन तिने गॅस बंद केला आणि मला बोलावलं. मला काही येईना. ती म्हणाली की आहे, दूध आहे, करपतंय. मग फडक्यावर इस्त्री फिरवली आणि तेही माझ्या नाकाशी धरलं. त्यात मात्र मलासुद्धा आलं.

पुढचं तीच लिहील. तिच्या पत्राला लगेच उत्तर दे, एवढंच सांगायला मी हा उद्योग केला.

तुझा,
बाबा

२८ एप्रिल

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

ह्यांनी तुला लिहिलंय हे मला माहीत आहे. विजेच्या बिलाची तक्रार लिहिताना माणूस हळूच हसत नाही.

तेव्हा नाकाची गोष्ट पुन्हा सांगत नाही. तुझं खरं होतं. राग आला होता, तो ओसरला. आता भीती वाटते. ती तुझ्याजवळ वर्षभर होती, मला आता कळली. तू ती एकटीने सांभाळलीस आणि मी डब्याकडे बघून तोंड वाकडं करत राहिले.

दुधाची सगळी भांडी, झारे, गाळणी मागच्या खोलीत नेली आणि दाराला कडी घातली. मुंगी राहील तोवर या घरात दूध येणार नाही. ह्यांचा कोरा चहा सुरू झाला आहे. पहिल्या घोटाला असं तोंड केलं की जणू मी विष दिलं. नवं पातेलं, नवी गाळणी, नवा मिक्सर, नवं कापड आणलं आहे. पण कशावरही पाणी घातलेलं नाही. ओटासुद्धा तू आल्यावरच घासायचा. काय कुठे लागलेलं असेल ते माझ्या डोळ्यांना घरचं म्हणून दिसणार नाही, तुला दिसेल.

माझ्या ओट्याशी मी आजवर कुणाला उभं राहू दिलं नाही. तू नवी नवरी होतीस तेव्हाही तुला कांदे सोलायला बाहेर बसवलं होतं. आता तू ओट्याशी उभी राहा, मी हाताखाली राहते. सगळं बघ, आणि मगच मुंगीला ठेवायचं की नाही ते सांग. नाही म्हणालीस तरी जेवून जा.

तुझीच,
आई

१४ मे

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

ओटा घासून, मुंगीला ठेवून तू गेलीस तेव्हा ती रडली नाही. तू मात्र वळणावर थांबून दोनदा मागे बघितलंस, ह्यांनी गच्चीवरून पाहिलं. म्हणून लगेच लिहिते आहे.

औषधाचा डबा फ्रिजवर समोरच आहे आणि तू दाखवलंस तसं इंजेक्शन कसं धरायचं ते आम्ही दोघं सकाळी एकमेकांना म्हणून दाखवतो. आंघोळीनंतर पाढे म्हणावेत तसं.

काल ते गार मी एकटीने केलं. मुंगीने नारळ खवताना अर्धं खोबरं खाल्लं, तिचं नाव उगाच पडलेलं नाही. संध्याकाळी वाटी पुढे ठेवली. तिने चमचा उचलला, थांबली, आणि माझ्याकडे बघून विचारलं की आजी, यात दूध आहे का.

खरं सांगते, मनाला लागलं. एवढं सगळं करून पोर मला विचारते! ह्यांचा चेहरा उतरला, ते काहीतरी बोलणार होते. मी हातानेच त्यांना थांबवलं. मग तिच्याजवळ बसले आणि यात काय काय घातलं ते एकेक सांगितलं, पातेलं कुठलं, कापड कुठलं, तेही. तिने सगळं नीट ऐकलं, तू गिऱ्हाइकाचं ऐकतेस तशी मान हलवत. मग खाल्लं. वाटीची कड बोटाने पुसून खाल्ली आणि आजोबांच्या वाटीतलंही मागितलं.

आज पुन्हा विचारलं. मी पुन्हा सगळं सांगितलं. उद्याही विचारील. विचारू दे. कुणीही काहीही पुढे केलं, अगदी आजीने केलं, तरी विचारायचं, असं मीच तिला सांगून ठेवलं आहे.

रविवारी ये. आठवड्याचं बोलणं झालं होतं, पण तुला घाई नसेल तर आम्हालाही नाही. जीव लावला आहेस तसाच लावून ठेव.

तुझी,
आई