ज्यांच्याकडे सून आली नव्हती

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्हाला लिहायला बसले की पदर सावरावासा वाटतो. ब्याऐंशी साली, तुमच्या मानसशास्त्राच्या वर्गात असतानाच माझं लग्न झालं. सासर रत्नागिरीतच, बंदराजवळ, मासेमारीवर जगणारं. शिक्षण पुरं करू देऊ, असं बोलणं झालं होतं. पण नारळी पौर्णिमेनंतर होडी बाहेर पडली ती वादळात खडकावर आपटली. सासरे वाचले, पण कंबर मोडून अंथरुणाला खिळले. "हिचा पायगुण," सासूबाई म्हणाल्या. तेव्हापासून किनाऱ्यावर जायचं नाही, जाळ्याला हात लावायचा नाही, कॉलेज बंद. नवरा मायाळू, पण आईपुढे त्याचं तोंड उघडत नसे. चूल आणि मागचं दार, एवढ्यातच मी फिरत होते.

मग एका दुपारी तुम्ही चौकशीला आलात. अजून दिसतं मला. सासूबाई बांगडे साफ करतायत, तुम्ही त्यांच्यासमोर जमिनीवरच बसता.

"मावशी, त्या दिवशी आणखी कुणाच्या होड्या फुटल्या?"

"फुटल्या की. शेजारच्यांची फुटली, वरच्या आळीतली पण."

"त्यांच्याकडे नवी सून आली होती?"

"नाय."

"आणि यंदा ज्यांच्याकडे सुना आल्या, त्यांच्या होड्या?"

सासूबाईंचा हात थांबला. "आल्या सुखरूप."

दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण होत नाही. जिथे ते कारण नव्हतंच, तिथे काय झालं तेही बघायचं, हे तुम्ही वर्गात शिकवलं होतं. चुलीपाशी उभी राहून मला वाटलं, सुटले.

"तुम्ही शिकलेल्या, तुमचं खरं असंल," सासूबाई म्हणाल्या. "पण माझा माणूस आडवा पडलाय. मी राग काढू कुणावर?" मग बांगडे धुऊन घेत म्हणाल्या, "परीक्षेला जाऊ दे तिला. होडीकडं मात्र फिरकायचं नाय."

दारात तुम्ही मला रागावलात. "हे तुला येत होतं. तू का नाही बोललीस?"

परीक्षा दिली. पुढे मीही हाच विषय शिकवला, हाच धडा फळ्यावर मांडला. सासूबाई गेल्या, आता मला अडवणारं घरात कुणी नाही. तरी मुलगा होडी घेऊन निघतो तेव्हा मी किनाऱ्यावर न जाता मागच्या दारी जाऊन उभी राहते. पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. "एकदा किनाऱ्यावर जाऊन बघ, काही होत नाही ते कळेल," असंच तुम्ही म्हणाला असतात.

मुलगा एकच आहे, बाई.