दाजींच्या समाधानाबाबत दुरुस्ती

छत्रपती संभाजीनगर,
शनिवार, ६ जून

तीर्थस्वरूप वच्छलाआत्या,

सायलीचा वाकून नमस्कार. डोळ्याची पट्टी निघाली असेल, पण म्हणून लगेच गॅसपुढं उभी राहू नकोस, कांदा चिरू नकोस आणि हे पत्रही स्वतः वाचू नकोस. सुकन्यावहिनी वाचून दाखवतील. (वहिनी, कंसातलं तुमच्यासाठी आहे, ते मोठ्यानं वाचायचं नाही. घरात कुणी बसलेलं असेल तर पत्र आत्ताच मिटा आणि दुपारी सगळे लवंडल्यावर काढा.) फोनच केला असता, पण गाव जितकं लांब तितका आवाज मोठा लागतो असा तुझा समज आहे, आणि विजयसिंहदाजींचं दुकान तुझ्या गल्लीच्या तोंडाशीच आहे.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आमच्याकडचं धोंड्याचं जेवण नीट पार पडलं, तेजश्रीताई आणि दाजी दोघंही मजेत होते, आणि दाजी तृप्त होऊन गेले. त्यातलं 'गेले' एवढंच खरं आहे. खोटं लिहायचा माझा हेतू नव्हता. मी दाजींना तोंडावर विचारलं होतं, 'आपण समाधानी आहात का?' आणि ते 'हो' म्हणाले होते. यापलीकडे पुरावा लागतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता कळलंय ते असं, की दाजी रुसलेत. साधं नाही, आतून. ताईला सातवा लागलाय, श्रावणात बाळंतपणाला तिला माहेरी वडगावला आणायची आहे, आणि अण्णांनी त्यासाठी फोन केला तर दाजी म्हणाले, 'बघू.' आई तेव्हापासून नीट जेवत नाही. जावयाच्या 'बघू'ला काय अर्थ असतो ते तुला मी सांगायला नको. हे स्थळ तूच आणलं होतंस.

झालं ते सगळं माझ्यामुळं झालं, पण कसं झालं ते क्रमानं सांगते. तुला ठाऊकच आहे, मी हॉस्पिटॅलिटीच्या पदव्युत्तर वर्गाला बसले तेव्हा अण्णांचा एकच सवाल होता, 'पाहुण्याला जेवू घालायला कालेज कावून लागतंय?' बद्रीनाथकाकांनी मध्ये पडून सांगितलं की शिकू द्या, आपल्याकडं पाहुणे लई येत्यात. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी गेले आणि तीन वर्षांनी अधिक महिना आला, तेव्हा काकाच म्हणाले, 'आता जावयाचं तूच बघ. शिकलेली हायेस.' त्यांनी ते थट्टेनं म्हटलं होतं. मी ते नेमणूक म्हणून घेतलं. (वहिनी, हा माझा स्वभाव आहे, तुम्हाला माहीत आहे. ताईच्या लग्नात तुम्ही मला 'जरा चपलांकडं बघ' म्हणालात आणि मी अक्षता टाकायलासुद्धा आले नाही.)

जेवणाच्या दिवशी सकाळीच मी सगळ्यांना ओट्यावर बसवून दोन गोष्टी सांगितल्या. एक, पाहुणा नको म्हणाला की नको. आग्रह हा पाहुण्याच्या इच्छेचा अनादर असतो, असं आमच्या पुस्तकात स्पष्ट आहे. दुसरी, पाहुण्याची काही तक्रार आली तर कुणीही मध्ये बोलायचं नाही, ती हाताळायची एक पद्धत असते आणि ती मला येते. आई काहीतरी म्हणणार होती, पण मी तिलाही विनयानं थांबवलं. थांबवण्याची पण एक पद्धत असते.

दाजी आणि ताई साडेअकराला आले. सोबत दाजींचा मित्र शिवशंकर, तोच गाडी चालवत होता. पाय धुणं, पाणी, सरबत, सगळं झालं. बैठकीत बसल्यावर थोड्या वेळानं दाजींच्या ध्यानात आलं की कूलरचा वारा शिवशंकरला लागतोय. शिवशंकरचे केस उडत होते आणि दाजींचे उडत नव्हते. दाजी उठले, म्हणाले, 'ऱ्हाऊ द्या. मी आपला भायेर बसतो,' आणि अंगणात लिंबाखाली बाजेवर जाऊन भिंतीकडं तोंड करून बसले.

आता आत्या, खरं सांगायचं तर त्यांनी रुसावं याची घरात सगळ्यांचीच तयारी होती. मला सोडून. धोंड्याला आलेला जावई रुसला नाही तर तो जावई कसला? दिवाळीत दाजींनी अण्णांना एकाच दुपारी चार वेळा 'मामा, वाजले किती?' असं विचारलं होतं, तेव्हाच अण्णांना उमगलं होतं आणि त्यांनी केजहून मनगटी घड्याळ आणून ठेवलं होतं. त्या दिवशी ते सकाळपासून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतं. ठरलेलं असं होतं, की आधी संस्कृती आणि इतर पोरं जाऊन दाजींना ओढतील, मग काका जाऊन पिकापाण्याचं बोलतील, मग आई दारामागून म्हणेल की माझ्याकडनं काही चुकलं असेल तर पदर पसरते, आणि सगळ्यात शेवटी अण्णा जातील आणि काही न बोलता घड्याळ काढतील. दाजी आधी नको म्हणतील, मग हात पुढं करतील. तासदीड तासाचा कार्यक्रम होता. हे मला कुणी सांगितलं नाही, कारण असलं कुणी कुणाला सांगत नसतं.

मी मात्र पोरांना थांबवलं आणि एकटी गेले. पाहुण्याच्या नजरेच्या पातळीवर यायचं असतं म्हणून बाजेसमोर उकिडवी बसले. तक्रार पूर्ण ऐकून घेतली, ती लहान होती. ती त्यांच्याच शब्दांत परत म्हणून दाखवली, म्हणजे ऐकलं गेलं याची खात्री पटते. कारणं न देता क्षमा मागितली. कूलर फिरवून घेतला, बसायला दोन जागांचा पर्याय दिला आणि झालेल्या त्रासाबद्दल आपल्यातर्फे मसाला ताक देऊ केलं. मग तो प्रश्न विचारला. दाजी माझ्याकडं बघत राहिले. त्यांनी एकदा दाराकडं पाहिलं, एकदा काकांकडं पाहिलं. पोरं गोळा होऊन ऐकत होती. समाधानी नाही म्हणायला काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं मी. 'हो,' म्हणाले. मी 'धन्यवाद' म्हटलं. दाजी उठून आत आले. सगळं मिळून पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. अण्णा तोवर आतल्या खोलीत खिशात हात घालून तयारच उभे होते. ते तसेच उभे राहिले.

आणि ताक दाजींनी खरंच प्यायलं.

पुढं जेवण. पाट, रांगोळी, उदबत्ती, सगळं तू शिकवलेलं. आईनं पुरणाचे धोंडे केले होते, वर तूप. दाजींनी दोन खाल्ले आणि ताटावर हात धरून 'बास' म्हणाले. आईचा हात तिसरा घेऊन पुढं आलेला होता. मी आईकडं पाहिलं. तो हात हवेतच थांबला आणि परत गेला, आणि मी दाजींना म्हणाले, 'काही हरकत नाही दाजी,' आणि ताट उचललं. ताई माझ्याकडं अशी बघत होती, की मला वाटलं तिला माझं कौतुक वाटतंय.

निघताना दाजी हसले. 'सगळं एकदम टाइमशीर झालं,' म्हणाले. तेहतीस अनारशांचं वाण आणि दिवा असलेली टोपली ओट्यावरच राहिली. विसरले असतील, असं मी मानलं आणि त्याच संध्याकाळी तुला ते पत्र लिहिलं.

परवा काकांना केजच्या बाजारात शिवशंकर भेटला. त्यानं सांगितलं, की आमच्याकडनं निघाल्यावर दाजी गाडीत खिडकीकडं तोंड करून बसले. ताईनं दोनदा हाक मारली, तरी वळले नाहीत. मांजरसुंब्याला गाडी थांबवायला लावली आणि दोन प्लेट भजी खाल्ली. धोंड्याचं जेवण जेवून निघालेला जावई रस्त्यात भजी खातो, आत्या! आणि खाता खाता म्हणाले, 'शिवा, जावई म्हणून बोलावलं अन् गिऱ्हाईक करून लावून दिलं बे. धड रुसू बी दिलं न्हाई.' (वहिनी, हे वाक्य आत्याला हळू वाचून दाखवा. ती हसणार, पण तिला म्हणावं, हसू नको.)

मी दोन रात्री यावर विचार केला. मग आमच्या मॅडमकडं गेले, कारण मधल्या काळात एक आणखी वाईट गोष्ट झाली होती. हा सगळा प्रसंग मी प्रकल्पात 'तक्रार निवारणाचा नमुना' म्हणून लिहून दिला होता, नावं न घालता, आणि मॅडमनी तो वर्गापुढं वाचून पूर्ण गुण दिले होते. मी सांगितलं की गुण परत घ्या, पाहुणा समाधानी नव्हता. मॅडम म्हणाल्या, पण तो हो म्हणाला ना? मी म्हटलं, मॅडम, त्यांनी मांजरसुंब्याला भजी खाल्ली. मॅडम लातूरकडच्या आहेत. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, 'सासऱ्याच्या खिशात काय होतं?' मी घड्याळ म्हटलं. 'अरे देवा,' म्हणाल्या आणि लगेच रजेच्या अर्जावर सही केली. कारणाच्या जागी मी 'पाठपुरावा' लिहिलं आहे, ते आमच्याकडं चालतं.

तुला आठवतं का, मी दुसरीत होते तेव्हा तू मला वाढायला शिकवलं होतंस? पाण्याच्या तांब्यात अंगठा बुडवू नको. आणि पाहुणा 'बास' म्हणाला की तोंडाकडं बघायचं न्हाई, हाताकडं बघायचं. हात ताटावर घट्ट, बोटं मिटलेली, तर खरंच बास. बोटांमध्ये फट असली तर वाढ. (या शास्त्रापायी बिभीषणआबांच्या हातावर तू गरम तूप ओतलं होतंस हेही मला आठवतं. त्यांच्या बोटांत संधिवातामुळं फट होती. वहिनी, हे वाचू नका.) दाजींच्या बोटांतून त्या दिवशी अख्खा धोंडा गेला असता. मी पाहिलं होतं, आत्या. मला दिसलं होतं. पण मला वाटलं, मी आता शिकलेय.

मी असं म्हणत नाही की पुस्तकात चूक आहे. हॉटेलात खोलीचा नळ गळत असेल आणि आपण पाहुण्याची तासभर समजूत काढत बसलो तर तो पोलिसात जाईल. पण दाजींचा काही नळ गळत नव्हता. चार माणसांनी आपल्यामागं यावं एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि मी एकटी जाऊन त्यांचं काम करून दिलं. घड्याळ आता नुसतंच नेऊन देताही येत नाही. रुसवा नसताना दिलेलं घड्याळ म्हणजे नुकसानभरपाई. अण्णा ते रोज चावी दिल्यासारखं खिशातून काढून बघतात आणि परत ठेवतात.

म्हणून मी ठरवलंय की गुरुवारी गेवराईला येऊन दाजींच्या समोर उभं राहायचं. तू काळजी करू नकोस, डोळ्यात औषध वेळेवर घाल, सोमनाथदादांना आणि पोरांना माझी आठवण सांग.

तुझी,
सायली

ता. क. वर 'दाजींच्या समोर उभं राहायचं' असं लिहिलंय, पण मी एकटी उभी राहिले तर परत तेच होईल. खरी विनंती अशी. तू दाजींना, ताईला आणि शिवशंकरला तुझ्याकडं जेवायला बोलव. अण्णा, आई, काका आणि संस्कृती टोपली घेऊन आधीच पोचलेले असतील, सासुरवाडीच तुझ्याकडं आली असं समज. आई धोंडे ताजे करून आणणार आहे. सगळे बसले की तुझ्या बैठकीतला कूलर शिवशंकरकडं फिरव. बाकी दाजी बघतील. तुझ्या अंगणात लिंब नाही, तर बाज शेवग्याखाली टाक आणि तोंड भिंतीकडं येईल अशी टाक.

ता. क. दुसरा. या वेळी मी फक्त पाणी देईन. कुणी कितीही रुसलं तरी मी जागची हलणार नाही, एवढं वचन देते. वाढायला तू बस. पट्टी निघालीये, तुला बोटं दिसतील.

ता. क. तिसरा. (वहिनी, हे मात्र मोठ्यानं वाचा.) दाजी हल्ली थोडे निवळलेत असं ताई म्हणते. परवा म्हणे जेवताना हसले. कृपा करून हे होऊ देऊ नका. येता-जाता दुकानापाशी थांबून 'कसं झालं म्हणे धोंड्याचं?' एवढं विचारत राहा. आम्ही येईपर्यंत राग टिकला पाहिजे. अण्णांच्या खिशाला आणखी तीन वर्षं सोसायचं नाही, आणि ताईला श्रावणात घरी यायचंय.

ता. क. शेवटचा. आणखी एक दुरुस्ती. वर मी गुरुवार लिहिलाय. गुरुवारी एकादशी आहे, दाजींचा उपास असतो, आणि उपाशी माणूस खरोखरच रुसतो. सोमवारी तर अधिक महिनाच संपतो. तेव्हा गुरुवार खोडून वाच: शुक्रवार, १२ जून.