आमच्या अंगणातलं नेट

३ जून
चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

फोन लागेना म्हणून घाबरू नकोस. तू छपरावर बसवून दिलेली डिश ठणठणीत आहे, महिन्याचं नेट तेवढं संपलंय. अख्ख्या आदिवासी वस्तीत आपल्याच घरी नेट, मग काय, अंगणात ही गर्दी! सगळ्यात चिकट तुझा मामा. बोटीवर कामाला गेलेल्या पोराचा फोन येईल म्हणून येऊन बसतो आणि वाट बघता बघता तासन्‌तास गाणी बघतो. त्यात फोनवरच्या तपासणीला तुझे बाबा शहरातल्या डॉक्टरांना दिसायच्या आधीच चित्र अडकलं. दुसऱ्यांदा. बाबा म्हणाले, बरंच झालं.

तब्येतीला जप.
तुझी आई

११ जून
ती. आईस साष्टांग नमस्कार.

बरंच काय झालं, डोंबल? डॉक्टरांनी मला बोलावून बजावलंय: पुढच्या तपासणीलाही बाबांचं हृदय कसं चाललंय ते दिसलं नाही, तर त्यांना कायमचं शहरात आणून ठेवा. या एका खोलीत, माझ्या शिलाई मशीनच्या आणि भिंतीच्या मध्ये, बाबा जगतील का गं? नेटचा पासवर्ड बदल आणि कुणालाही सांगू नकोस. मामाला तर मुळीच नाही. रागावू नकोस, जीव घाबरतो म्हणून लिहिते.

बाबांच्या पायाशी डोकं ठेवते.
तुझी धाकटी

२६ जून
चि. धाकटीस आशीर्वाद.

पासवर्ड बदलला नाही. दारी आलेल्या नातलगाला नाही म्हणायची आपल्यात सोय आहे का? शहरात जाऊन विसरलीस वाटतं. तुझं पत्र मात्र अंगणात मोठ्यानं वाचून दाखवलं, मामाच्या ओळीसकट.

काल तपासणीच्या वेळी सगळे आपापले फोन बंद करून अंगणात बसले. नर्सबाईंनी बाबांच्या छातीला यंत्र लावलं, डॉक्टर लख्ख दिसले. गोळ्या बदलल्या आणि घरीच राहा म्हणाले. मी तिथंच रडले बाई! तुझे बाबा उलट डॉक्टरांनाच विचारत होते, जेवलात का.

सगळे उठले तरी मामा बसूनच. मग मामीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, पोराची बोट काल किनाऱ्याला लागणार होती आणि तो नेमका त्याच वेळी फोन करणार होता. मामानं आम्हाला कळूच दिलं नाही. आता बोट पुन्हा महिनाभर समुद्रात.

तू त्या पोराला निरोप पाठवून ठेव. बापाचा फोन का लागला नाही, ते त्याला कळू दे. तासभर मामा फोन बंद करून हातात धरून बसला होता.

माझी माया तुला आहेच, त्यातली थोडी मामाला दे.
तुझी आई